अल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्त मिळतोय? थांबा जरा

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचा म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ब्लॉकमधून पाणी फिरवायचं आणि ते रेडिएटरमध्ये गार करायचं. त्याबद्दलच, "ब्लॉक तांब्याचा घेतलाय, सेकंडहँड २४० मिमीचा अल्युमिनियम रेडिएटर निम्म्या किमतीत मिळतोय, घेऊ का, आणि आपल्या पावसाळ्यात आत दव धरेल का" हे फोंड्याच्या भाऊंनी विचारलंय ते वाचून पोटात गोळाच आला, कारण म्हापशात बसून मी अगदी हेच करून बसलोय.

दवाचं आधी संपवतो. रेडिएटर आणि फॅनवर चालणारं पाणी खोलीपेक्षा थंड होतच नाही, मग दव धरणार कुठून? कितीही दमट असू दे, ती भीती सोडा.

आता रेडिएटर. मला दुकानदाराने पटवलं ते असं, "अहो रेडीमेड एआयओ कूलरमध्येपण (पंप, ब्लॉक, रेडिएटर सगळं जोडूनच येतं तो) तांब्याची प्लेट आणि अल्युमिनियमचाच रेडिएटर असतो, त्यांना काय होतं?" खोटं नव्हतं हो ते! बऱ्याच एआयओत तसंच असतं, पण तिथे कंपनीने इनहिबिटर (धातूची झीज रोखणारं रसायन) घातलेलं लिक्विड सीलबंद असतं, आणि मी शहाण्याने भरलं काय, तर पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी. पाण्यात तांबं आणि अल्युमिनियम एकत्र आले की अल्युमिनियम झिजतं, शाळेत शिकलेलो, पण स्वस्त माल समोर दिसला की शाळा कोणाला आठवते.

चारेक महिने मस्त चाललं. मग ऐन चवथीत, घर पाहुण्यांनी भरलेलं, मशीन गेममध्ये धापा टाकायला लागली, प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर. प्रोसेसर आणि ब्लॉकमधली पेस्ट बदलली, फॅन बदलले, पंपाला शिव्या घातल्या. शेवटी ब्लॉक उघडला तर आतल्या केसाएवढ्या फटींत ओल्या चुन्यासारखा पांढरट राखाडी गाळ गच्च बसलेला, टूथब्रशने घासून घासून हात दुखले. दुकानात घेऊन गेलो तर म्हणे पाणी भरलं की वॉरंटी संपली. अरे मग रेडिएटरमध्ये काय सोलकढी भरायची होती? असो.

इनहिबिटर घालून चालवणारे आहेत, त्यांचं चालत असेलही, मी त्या वाटेला परत जाणार नाही. घ्यायचाच तर नळ्या तांब्याच्या आणि टाक्या पितळेच्या आहेत का ते वेगवेगळं विचारा, नुसत्या "कॉपर" शब्दावर जाऊ नका. बाहेरच्या पात्या कसल्याही असोत, पाणी कोणत्या धातूला लागतं ते महत्त्वाचं. लोहचुंबक लावून बघू नका, तो तांबं, अल्युमिनियम दोघांनाही चिकटत नाही. त्यापेक्षा पोर्टच्या (नळी जोडायच्या भोकाच्या) आत टॉर्च मारून हलकंसं खरवडा, पिवळं-तांबूस दिसलं तर ठीक, चांदीसारखं दिसलं तर हात जोडून परत द्या.

बाकी पंप, फिटिंग तुम्हाला कळतंच. फक्त १०/१३ ची नळी आणि १०/१६ चं फिटिंग (आतला/बाहेरचा व्यास, मिमीत) असा घोळ करू नका, ठिबकतं. नळी मी ईपीडीएमची (रबराची) काळी वापरतो, दिसायला बागेतल्या पाइपासारखी आहे, बायको हसते, पण मे महिन्यात खोलीच तेहेतीस अंशांवर असते तेव्हा कडक पीईटीजी (प्लॅस्टिकच्या) नळ्या मऊ पडतील का ही काळजी करत बसायला मला वेळ नाही (ज्यांच्या टिकल्यात त्यांनी रागावू नये). आणि सगळ्यात खाली पाणी काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह बसवाच, मी बसवला नव्हता, त्या दिवशी अख्खा कॅबिनेट न्हाणीघरात नेऊन उलटा करावा लागला.