नोकरी न सोडता एमएसडब्ल्यू करायचं तर रेग्युलर की डिस्टन्स?

तुम्ही लिहिलंय की एका संस्थेत काही वर्षं वस्तीपातळीवर काम करताय, घर तुमच्या पगारावर चालतं, आणि ऑफिसातले लोक म्हणतात की डिस्टन्सच्या एमएसडब्ल्यूला, म्हणजे दूरस्थ पद्धतीने केलेल्या समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, कोणी विचारत नाही. हे ‘कोणी विचारत नाही’ मी पुष्कळ ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. मी स्वतः डिस्टन्सने एमएसडब्ल्यू केलं. आज एका हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेविका आहे आणि रेग्युलर कॉलेजांचे विद्यार्थी माझ्याकडे फील्डवर्कला येतात.

आधी माझं मत. एमएसडब्ल्यूमध्ये माणूस घडतो तो फील्डवर्कमध्ये, म्हणजे एखाद्या संस्थेत, वस्तीत प्रत्यक्ष काम करून शिकण्यात, आणि फील्डवर्क घडतं ते सुपरवायझरमुळे. तुमचा रिपोर्ट ओळ न ओळ वाचून तुम्हाला समोर बसवून प्रश्न विचारणारं कोणी आहे का, एवढंच बघा. असेल तर डिस्टन्स उत्तम. नसेल तर नामांकित कॉलेजातली दोन वर्षंही वाया जातात.

मला लाभलेल्या मॅडम सरकारी रुग्णालयातून समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. आमच्या अभ्यास केंद्राचे वर्ग रविवारी भरायचे. वर्ग संपले की बाकीचे बस पकडायला धावायचे आणि मॅडम आम्हा चार-पाच जणींना थांबवून एकेकीचा रिपोर्ट काढायच्या. त्यांची एक सवय होती. रिपोर्टात माणसाबद्दल कुठलंही विशेषण दिसलं की त्याभोवती पेन्सिलीने चौकट करायच्या आणि बाजूला लिहायच्या, ‘कशावरून?’ ‘चिडखोर सासू’, कशावरून? ‘बेजबाबदार वडील’, कशावरून? उत्तर देता आलं नाही तर पुन्हा त्या घरी जायचं.

माझं प्लेसमेंट, म्हणजे फील्डवर्कसाठी नेमून दिलेली जागा, एका क्षयरोग विभागात होतं. तिथे एका पेशंटच्या केसपेपरवर शेरा होता, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. औषधं सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला असेल, आणि हा माणूस यायचा बंद झाला होता. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि मध्येच सोडला तर औषधांना दाद न देणारा टीबी होण्याची भीती असते, त्यामुळे विभागात सगळे त्याच्यावर वैतागलेले. मी तो शेरा माझ्या रिपोर्टात विभागाच्या नावासह उतरवला होता. मॅडमनी त्यालाही चौकट केली. म्हणाल्या, ‘हे त्यांचं म्हणणं झालं. त्याचं म्हणणं कुठंय?’

मी त्याच्या घरी गेले. तो रात्रपाळी करून झोपला होता, बायको दारात बसून लसूण सोलत होती. तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत मी बराच वेळ बसले. शेवटी तिने आवाज बारीक करून सांगितलं की गोळ्या सुरू झाल्यावर त्याला लघवीतून रक्त जायला लागलं, म्हणून त्याने त्या फेकून दिल्या. ते रक्त नव्हतं. रिफाम्पिसिन या गोळीने लघवी लालसर नारिंगी होते. औषध देणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं, पण ते त्याला सांगितलं कोणीच नव्हतं. बायकोला घेऊन विभागात आले, सिस्टरनी तिला समजावलं आणि त्याच आठवड्यात तो स्वतः हजर झाला. पुढचा रिपोर्ट वाचून मॅडमनी एवढंच विचारलं, ‘आता त्या केसपेपरवरचा शेरा कोण बदलणार?’ तो बदलून घेणं हेही माझंच काम होतं, आणि मी ते केलं.

हे शिक्षण मला मुक्त विद्यापीठाच्या रविवारच्या वर्गात मिळालं.

आता दुसरी बाजू. पदवी हातात आल्यावर मी एका मोठ्या संस्थेत मुलाखतीला गेले. पॅनेलने केस दिली ती नेमकी उपचार सोडलेल्या पेशंटचीच. काय काय विचारेन, कोणाला भेटेन, कोणत्या क्रमाने, सगळं सांगितलं. दोघांनी मान डोलावली. मग पॅनेलच्या प्रमुखांनी गुणपत्रिका उलटवून पाहिली आणि म्हणाले, ‘अच्छा, डिस्टन्स. म्हणजे घरबसल्या.’ मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्या पत्रकाची प्रत माझ्या फाइलमध्येच होती. मी ती पुढे केली. त्यांनी वाचलीही नाही. ‘कागदावर ठीक आहे हो, पण आम्हाला फील्डवर्क केलेली मुलं लागतात.’

टीबी विभागाच्या त्या जिन्यांवरून मी किती वेळा चढले-उतरले हे त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आज त्यांना हवी असतात तशीच नावाजलेल्या कॉलेजांची मुलं माझ्याकडे येतात. त्यांतली काही अतिशय चांगली असतात. काही मात्र दोन आठवड्यांचे रिपोर्ट एका रात्रीत लिहितात, मागच्या बॅचच्या वहीतून भेटी उतरवतात, आणि कॉलेजातून त्यांना जाब विचारला जात नाही, कारण तिथल्या सरांकडे इतकी मुलं असतात की आयसी, म्हणजे सुपरवायझरने एकेकाला समोर बसवून करायची चर्चा, सही करण्यापुरती भेट उरते. अशा मुलांना मी परत पाठवते. त्यांच्या गुणपत्रिकेवर पुढे ‘रेग्युलर’ असेल आणि त्याच पॅनेलला ती चालतील, याचा मला आजही राग येतो.

आपल्याकडे या विषयाच्या शिक्षणाची सुरुवातच वस्तीतून झाली. मुंबईत नागपाड्यातल्या नेबरहूड हाऊस या वस्तीतल्या समाजकेंद्रात काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कचे पहिले संचालक झाले. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. रुग्णालयात समाजसेवकाची पहिली नेमणूक १९४६ मध्ये जे.जे.त झाली. पोलीस यंत्रणेतला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये मुंबईत उभा राहिला, तोही टिस आणि पोलिसांनी मिळून. यातलं प्रत्येक काम वॉर्डात, चाळीत, पोलिसांच्या कचेरीत बसून उभं राहिलंय. त्यामुळे वर्ग आठवडाभर भरतात की फक्त रविवारी, यावरून पदवीची लायकी ठरवणारे लोक नको तिथे मोजपट्टी लावतात.

तरीही काही गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर माझं ऐकून कोणीतरी चुकीच्या ठिकाणी पैसे भरेल.

वय बावीस-तेवीस असेल, कामाचा अनुभव शून्य असेल आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर रेग्युलरच करा. आठवड्यातले दोन दिवस फील्ड, ग्रामीण शिबिर, शेवटचं ब्लॉक प्लेसमेंट (एका संस्थेत सलग पूर्णवेळ काम), बरोबरीच्या मुलांशी होणारे वाद, हे सगळं नवख्या माणसाला लागतंच. मी डिस्टन्समध्ये तगले कारण वस्तीतलं काम आधीच अंगवळणी पडलं होतं. तुमचंही तसंच दिसतंय.

मानसोपचार क्षेत्रात जायचं असेल तर आधीच पुढचं बघून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये सायकियाट्रिक सोशल वर्करच्या व्याख्येत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. मागितलंय, तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह. तिथे नोकरी सांभाळून काही होत नाही. कारखान्यात कल्याण अधिकारी व्हायचं असेल (२५० किंवा अधिक कामगार असले की तो नेमावाच लागतो) तर कोणतं स्पेशलायझेशन धरतात हे प्रवेशाआधी पाहा. सरकारी पदांच्या जुन्या जाहिराती काढून पात्रतेचा परिच्छेद स्वतः वाचा.

पूर्ण ऑनलाइन एमएसडब्ल्यू चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. मला ते पटत नाही. व्याख्यान पडद्यावर ऐकता येतं. पण तुमच्या शहरात तुमच्यासाठी प्लेसमेंट कोण ठरवणार आणि तिथे तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार, याचं सरळ उत्तर मिळाल्याशिवाय फी भरू नका. डिस्टन्स असो की ऑनलाइन, तुम्ही प्रवेश घेताय त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का हे यूजीसीच्या डीईबीच्या (दूरस्थ शिक्षण विभागाच्या) यादीत तपासा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. नियम बदलतात. २०२५ मध्ये मानसशास्त्र या पद्धतीने शिकवायला बंदी आली आणि त्या आशेवर बसलेल्यांची पंचाईत झाली. आरोग्य क्षेत्रातल्या ज्या २०२१ च्या कायद्याच्या आधारे ती आली, त्याच्या यादीत वैद्यकीय आणि सायकियाट्रिक समाजसेवकही आहेत. त्यामुळे मागच्या वर्षीची माहिती धरून चालू नका.

वेळेची काळजी करू नका. इग्नूचं एमएसडब्ल्यू कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पुरं करता येतं. नोकरी करणाऱ्याने तीन धरावीत. तुमच्या साहेबांना फील्डवर्कच्या दिवसांबद्दल आधीच सांगा आणि प्लेसमेंट स्वतःच्या संस्थेत घेऊ नका. तिथे तुमच्या कामाला चौकट करून ‘कशावरून?’ विचारायची कोणाची हिंमत होणार नाही.

आणि अभ्यास केंद्राला फोन करून चौकशी करू नका, रविवारी वर्ग चालू असताना जाऊन बसा. फील्डवर्क कोण बघतं, त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत, ते स्वतः कुठे काम करून आलेत हे विचारा. मागच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची फील्डवर्कची वही, नावं झाकून का होईना, बघायला मागा. समासात कोणाचं तरी हस्ताक्षर दिसलं तर प्रवेश घ्या. शेवटच्या पानावर नुसती सही आणि शिक्का असेल तर दुसरं केंद्र शोधा.