टायरची चमक दोन दिवसात जातीय? आधी धुण्याकडं बघ

भावा, पॉलिश बदलून काय होणार नाही, आधी टायर नीट धू की. खानापूर-जांबोटीकडनं आलास की तांबडी माती बसतेच, ती पाण्यानं जाते, पण तो चॉकलेटी थर जात नाही, रबरातलंच अँटिओझोनंट (रबर तडकू नये म्हणून घातलेलं रसायन) वर येऊन तपकिरी पडतंय आणि जुनी पॉलिशपण त्यातच चिकटलेली असते. क्लीनर मारून कडक ब्रशनं घास, फेस तपकिरी निघतोय तोवर परत परत, पांढरा आला की बास. मग पूर्ण वाळू दे, अक्षरांच्या खाचेत पाणी राहतंय तिथं फडकं घाल. वॉटर बेस्ड ड्रेसिंग (म्हणजे तेलाची नव्हे, पाण्यातली टायर पॉलिश) स्पंजवर घेऊन पातळ हात दे, थोड्या वेळानं जास्तीचं पुसून काढ, नाहीतर गाडी पळाली की दरवाज्यावर काळे ठिपके. तेलकट चकचकीत माल मला तरी पटत नाही, धूळ धरतोय. रस्त्याला टेकतो त्या भागावर चुकूनपण लावू नको, घसरशील.