धनाग्र म्हणे!

भुसावळच्या एका प्राध्यापकांनी विचारलं आहे: हायड्रोजन इंधन घटावर (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलवर) मराठीत लेख लिहितोय; इलेक्ट्रोडला 'विद्युतअग्र' म्हणू की 'विद्युतदांडी'?

दोन्ही नको. दांडी शाळेतल्या काचपात्रात बुडवायची. इंधन घटात ना दांडी, ना अग्र. असतो तो काही मायक्रॉन जाडीचा लेप. कार्बनच्या काजळीवर प्लॅटिनमचे दोन-पाच नॅनोमीटरचे कण, प्रोटॉन वाहून नेणारं पॉलिमर आणि वायूला शिरायला पोकळ्या. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि वायू या तिघांची गाठ पडते तिथेच क्रिया होते. सरळ 'इलेक्ट्रोड' लिहा, कोणी अडवत नाही.

मला धास्ती आहे ती तुम्ही अ‍ॅनोडला, म्हणजे प्रवाह घटात शिरतो त्या इलेक्ट्रोडला, 'धनाग्र' म्हणाल याची. जळगावात एका व्याख्यानात ऐकलं: 'धनाग्रावर हायड्रोजन इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणून ते ऋण टोक.' कोणी हसलंसुद्धा नाही!

विजेनं पाण्याचं अपघटन करताना अ‍ॅनोड धन असतो. पाठ्यपुस्तकं तिथेच अडकली. इंधन घटात तोच ऋण. विजेरीच्या साध्या सेलमधलं जस्ताचं डबडंही अ‍ॅनोडच, आणि त्या बाजूला वजाची खूण. परिभाषा ठरवणाऱ्या मंडळींनी विजेरी कधी उघडलीच नसावी.

मूळ गंमत ऐका. 1834 मध्ये मायकेल फॅरडेला दोन्ही इलेक्ट्रोडना अशी नावं हवी होती, की विजेचा सिद्धान्त उद्या बदलला तरी ती टिकावीत. त्यानं कल्पना केली: पृथ्वीचं चुंबकत्व विजेच्या प्रवाहामुळे असेल, तर तो प्रवाह सूर्यासारखा पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असणार. मग घटही तसाच ठेवलेला धरायचा. प्रवाह शिरतो ती पूर्व बाजू, बाहेर पडतो ती पश्चिम. 'ईस्टोड' हे नावही विचारात होतं! केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलनं ग्रीक सुचवलं: अ‍ॅनोड म्हणजे चढती वाट, कॅथोड म्हणजे उतरती.

म्हणजे नावात धन-ऋण नाहीच, सूर्य आहे. आणि आमच्या अहिराणीत 'दिन उगना', 'दिन बुडना' रोजचं बोलणं. माझं तर ठाम मत आहे: अ‍ॅनोड ती उगवती, कॅथोड ती मावळती. घट कुठलाही असो, प्रवाह उगवतीतूनच शिरतो. एक कोशकार स्नेही याला 'काव्य' म्हणतात. मग 'धनाग्र ऋण असते' हे काय, शास्त्र?

इंधन घटात ऑक्सिजनची क्रिया मावळतीला होते आणि ती मंद, म्हणून प्लॅटिनम जास्त लागतं ते तिथेच. असं एकदा लिहून पाहा, कुठे अडतं का ते.