सगळे देश मिळून गुगलवर एकच केस का चालवत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की गुगल, ॲपल, मेटा या कंपन्या जगभर साधारण सारख्याच वागतात, तर मग प्रत्येक देश आपापली वेगळी चौकशी का करत बसतो, आणि हे जे 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' म्हणतात ते खरंच असतं का नुसते फोटो काढायला असतं. असतं हो, पण जिथे कंपनीलाच घाई असते तिथे ते नीट चालतं आणि जिथे कंपनीला वेळ काढायचा असतो तिथे रखडतं. मी स्पर्धा कायद्याच्या फायलींमधेच काम करतो त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

अँड्रॉइडचंच बघा. मोबाईल बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर पाहिजे असेल तर सोबत सर्च, क्रोम असा अख्खा संच फोनमधे आधीच टाकून द्यायचा, आणि दुसऱ्या कोणी बदललेल्या अँड्रॉइडवर फोन काढायचे नाहीत, अशा अटींचे करार गुगल करायचं. यांडेक्स या रशियन सर्च कंपनीच्या तक्रारीवरून रशियाने २०१५ मधेच गुगलला दोषी ठरवलं. युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनच्या कार्यकारी यंत्रणेने, जुलै २०१८ मधे ४३४ कोटी युरो दंड ठोकला (कोर्टाने नंतर थोडा कमी केला). कोरियाचा आदेश सप्टेंबर २०२१ मधे आला. आपल्या सीसीआयचा, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा, २० ऑक्टोबर २०२२ ला, दंड १३३७.७६ कोटी रुपये. जपानने तर एप्रिल २०२५ मधे गुगलला आदेश दिला. म्हणजे जवळपास त्याच धाटणीच्या करारांवर दहा वर्षं एकामागून एक देश निकाल देतायत, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात, जशी सरकारी ऑफिसात प्रत्येक खिडकीवर त्याच कागदांची परत झेरॉक्स द्यावी लागते.

का? कारण ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन कमिशनला, कंपनीने जे आतले ईमेल, करार, आकडे दिले ते गोपनीय असतात. कंपनीच्या संमतीशिवाय ते दिल्लीला पाठवता येत नाहीत. सीसीआयचे अमेरिकेच्या एफटीसी (तिथला व्यापार आयोग, स्पर्धेवर लक्ष ठेवणारा) आणि न्याय खात्याशी २०१२ पासून, युरोपियन कमिशनशी २०१३ पासून, जपानशी २०२१ पासून सामंजस्य करार आहेत, आपल्या स्पर्धा कायद्याचं कलम १८ त्याची परवानगी देतं, पण त्या करारांनी असला गोपनीय कागद हातात पडत नाही. पद्धत काय, बाजार कसा मोजला, कुठला उपाय फसला, यावर अधिकारी एकमेकांशी बोलतात, तेवढं चालतं. तेही कमी नाही म्हणा.

आता विलीनीकरणाच्या केसमधे बघा, तिथे कंपनी स्वतःच लिहून देते की तुम्ही आपापसात माझी माहिती वाटून घ्या, याला वेव्हर म्हणतात. कारण मंजुरी मिळेपर्यंत डील अडकलेलं असतं, पैसा अडकलेला असतो. वर्चस्वाच्या गैरवापराच्या केसमधे, जशी वरची अँड्रॉइडची, उलटं, जितका उशीर तितकी जुनी पद्धत चालू राहते, मग कोण कशाला वेव्हर देईल?

आणि हो, एकत्र बोलले म्हणून उत्तर एकच येतं असंही नाही. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही व्हिडिओ गेम कंपनी विकत घ्यायचं जानेवारी २०२२ मधे जाहीर केलं. ब्रिटनच्या सीएमएने, म्हणजे तिथल्या स्पर्धा नियामकाने, एप्रिल २०२३ मधे अडवलं, युरोपने पुढच्याच महिन्यात अटी घालून सोडलं, अमेरिकेत एफटीसीला कोर्टाने स्थगिती दिली नाही, शेवटी क्लाउड गेमिंगचे (इंटरनेटवरून थेट गेम खेळण्याचे) हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देऊन ऑक्टोबर २०२३ मधे ब्रिटनने हो म्हटलं. डील एक, पुरावा बराचसा तोच, तरी मतं वेगळी.

मग जागतिक कायदा का नाही, तर प्रयत्न झालेत. १९४८ च्या हवाना सनदेत, म्हणजे जागतिक व्यापार संघटना उभी करायच्या पहिल्या मसुद्यात, कंपन्यांच्या स्पर्धा मारणाऱ्या वागण्यावर अख्खा अध्याय होता, अमेरिकेच्या काँग्रेसने ती सनदच मान्य केली नाही. डब्ल्यूटीओमधे १९९६ ला सिंगापूरला विषय परत आला, २००३ ला कानकुनला ती बैठकच फिसकटली आणि २००४ मधे तो अजेंड्यावरून गेला. त्याला जोरात विरोध करणाऱ्यांत आपण होतो, आधी मुरासोली मारन आणि मग अरुण जेटली हे तेव्हाचे वाणिज्य मंत्री. तेव्हा भीती अशी की या वाटेने परदेशी कंपन्यांना इथे मोकळं रान मिळेल. त्या वेळच्या हिशोबाने मला ती भूमिका चुकीची वाटत नाही, पण आज बिग टेकसमोर एकेकटं उभं राहायची वेळ येते त्यात तिचाही वाटा आहे. उरलं काय तर आयसीएन, २००१ मधे सुरू झालेलं स्पर्धा नियामकांचं नेटवर्क, ते शिफारशी काढतं, बंधन कोणावरच नाही.

त्यामुळे प्रत्यक्षातलं सहकार्य म्हणजे एकमेकांच्या जाहीर ऑर्डरी वाचणं. अँड्रॉइडच्या अपिलात गुगलने हाच मुद्दा केला की सीसीआयने युरोपच्या निकालातून मजकूर उचललाय आणि तिथला पुरावा इथे न तपासताच वापरलाय. सीसीआयने ते नाकारलं. पण गंमत बघा, जानेवारी २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने उलटा प्रश्न टाकला की युरोपात जी व्यवस्था पाळता तीच भारतात पाळणार का. कंपनीला बचावासाठी भारत वेगळा हवा असतो, आणि धंद्याच्या करारात मात्र सगळं जग एक. मार्च २०२३ मधे एनसीएलएटीने, म्हणजे सीसीआयच्या आदेशांवर अपील ऐकणाऱ्या लवादाने, दंड कायम ठेवला पण दहापैकी चार निर्देश काढून टाकले, त्यात प्ले स्टोअरमधून दुसरी ॲप स्टोअर मिळू देण्याचा आणि साइडलोडिंगवरचे (प्ले स्टोअरशिवाय बाहेरून ॲप टाकण्यावरचे) निर्बंध काढण्याचा निर्देशही होता.

म्हणून आता सगळे केसऐवजी आधीच नियम घालायच्या मागे आहेत. युरोपचा डीएमए, म्हणजे मोठ्या टेक कंपन्यांनी काय करायचं नाही हे आधीच सांगणारा कायदा, मार्च २०२४ पासून पाळावा लागतोय, ब्रिटनचा तसाच कायदा जानेवारी २०२५ पासून, जपानचा स्मार्टफोन कायदा डिसेंबर २०२५ पासून. आपल्याकडे सरकारी समितीचा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मधे जाहीर झाला आणि त्यात डीएमएची छाप स्पष्ट दिसते. पण फेब्रुवारी २०२५ मधे ट्रम्प सरकारने जाहीर केलं की अमेरिकन कंपन्यांना जाचक वाटणाऱ्या परदेशी डिजिटल कर आणि नियमांना टॅरिफने उत्तर देऊ. म्हणजे ज्या देशाच्या एफटीसीशी आपला सहकार्य करार आहे त्याच देशाचं व्यापार खातं दुसऱ्या दारातून दबाव आणणार, आणि मसुद्याचं काय करायचं हे ठरवताना दिल्लीत ट्रेड डील बघणारे लोकही टेबलावर बसणार, नुसते स्पर्धा कायदावाले नाहीत.