गाडी चालवाल हो, पण लावाल कुठे?

तुमचा बेत मला समजला तो असा. नागपूरहून विमानाने येताय, तुम्ही दोघं, आई-बाबा आणि सात वर्षांची लेक. दादर पश्चिमेला हॉटेल, पाच दिवस. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गेटवे, राणीची बाग, एक दिवस डोंबिवलीला मावशीकडे आणि शेवटी अलिबागला एक मुक्काम. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून विमानतळावरच सेल्फ ड्राइव्ह गाडी ताब्यात घ्यायची आणि परत जाताना सोडायची. दिवसाला अडीच हजार म्हणजे टॅक्सीपेक्षा स्वस्तच पडेल, असं तुमचं गणित.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पाचही दिवस सेल्फ ड्राइव्ह घेऊ नका. पण तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना काही जणांनी "मुंबईत गाडीचं नावच काढू नका" असं ठोकून दिलंय, तेही मला पटत नाही. तुमच्या बेतात एका दिवसाला ड्रायव्हरसकट गाडी लागेल आणि अलिबागला स्वतः चालवायची गाडी घेतलीत तरी चालेल. बाकीच्या दिवसांत गाडी गळ्यात पडेल.

इथली वाहतूक बघून बाहेरचा माणूस घाबरतो, पण ती मुख्य अडचण नाहीच. नागपुरात चालवणारा माणूस मुंबईतही चालवू शकतो, दोन तासांत हात बसतो. अडचण गाडीतून उतरल्यावर सुरू होते. सिद्धिविनायकाचंच घ्या. टॅक्सीने गेलात तर देवळाजवळ गाडी मिनिटभर थांबते, आई-बाबा सावकाश उतरतात, टॅक्सीवाला पुढच्या भाड्याला निघून जातो. तीच गाडी तुमची असेल तर चौघांना उतरवून तुम्ही एकटे एस. के. बोले रोडने आगर बाजार, पोर्तुगीज चर्च, परत गोखले रोड अशा फेऱ्या मारत बसाल. जिथे जागा दिसेल तिथे नो पार्किंगचा फलक असेल, फलक नसेल तर सोसायटीचा वॉचमन शिट्टी मारेल. मंगळवार असेल तर विचारूच नका. तोवर घरची मंडळी रांगेत पुढे गेलेली आणि तुमचं दर्शन कळसाचं. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गाडी लावायला त्रास होतो ना, तसा त्रास इथे दादरपासून कुलाब्यापर्यंत सलग आहे असं समजा.

त्यात सध्या एक भर पडलीय. प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल शिवडी-वरळी उन्नत मार्गाच्या कामासाठी सप्टेंबर 2025 मध्ये बंद केला. तेव्हापासून दादर-परळच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीचा भार टिळक पुलावर आणि करी रोडकडे आलाय. तुमचं हॉटेल पश्चिमेला आणि राणीची बाग भायखळ्याला, म्हणजे रूळ ओलांडणं आलंच. नकाशात सहा किलोमीटर दिसतात म्हणून त्यावर वेळेचा हिशेब करू नका.

हॉटेलवाल्याला फोन करून "पार्किंग आहे का?" एवढंच विचारलंत तर तो हो म्हणेल. त्यापुढचं विचारा: आवारात आहे की रस्त्यावर? रात्रभर राहील का? सकाळी सातला काढायची तर मागे-पुढे दुसऱ्या गाड्या असतील का? दादरच्या जुन्या इमारतींतल्या हॉटेलांत "पार्किंग" म्हणजे बऱ्याचदा दारासमोरची दोन गाड्यांची जागा, आणि त्यात एक गाडी मालकाची.

आता बाबांच्या गुडघ्यांचं. लोकल नको हे बरोबर, निदान गर्दीच्या वेळी. पण लोकल नको म्हणजे रेल्वेच नको असं नाही. मेट्रो 3, म्हणजे ती जवळजवळ संपूर्ण भुयारी आरे ते कफ परेड मार्गिका, ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण चालू झालीय. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, भाडं 10 ते 70 रुपये. दादर पश्चिमेलाच स्थानक आहे आणि दक्षिणेकडे निघालात की पुढचंच स्थानक सिद्धिविनायक. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, एसी आहे. तुमच्या बेतातली निम्मी ठिकाणं या एका मार्गिकेवर किंवा तिच्या आसपास आहेत. मी जन्मभर मुंबईत राहतोय, दारात गाडी उभी असते, तरी फोर्टात काम असलं की हल्ली मेट्रोनेच जातो. घरच्यांना ते माझं कंजूषपण वाटतं, तो भाग वेगळा.

मेट्रोची एक खोच मात्र लक्षात ठेवा. महालक्ष्मी नावाचं स्थानक महालक्ष्मीच्या देवळापाशी नाही. ते रेसकोर्स आणि लोकलच्या स्टेशनाच्या बाजूला आहे, देऊळ तिकडे भुलाभाई देसाई रस्त्यावर, समुद्राला लागून. मध्ये चांगलं अंतर आहे आणि देवळालाही पायऱ्या आहेत. तिथे टॅक्सीच करा. गेटवेसाठी हुतात्मा चौकात उतरा आणि पुढे टॅक्सी. चालत जाणं तसं छान, दोन्ही बाजूंना जुन्या दगडी इमारती, पण बाबांना जड जाईल.

टॅक्सीबद्दल थोडं, कारण नागपूरहून येणाऱ्यांचा इथे घोळ होतो. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, म्हणजे दादरला रिक्षा शोधत उभे राहू नका. काळी-पिवळी मीटरने चालते. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. काळी-पिवळीत माणसं चार बसतात, तुम्ही पाच. काही जण लहान मुलीला पाचवी धरत नाहीत, काही जण सरळ नाही म्हणतात. हुज्जत घालण्यापेक्षा जवळच्या अंतराला दोन टॅक्सी करा. दोन्ही मिळून 62 रुपयांपासून सुरुवात, त्यात तुमच्या भाड्याच्या गाडीचं पार्किंगही कदाचित सुटणार नाही. लांबच्या अंतराला अ‍ॅपवरून सहा आसनी गाडी मागवा. पहिल्या दिवशी विमानतळावरूनही तीच, कारण सामान आणि पाच माणसं घेऊन मेट्रोची हौस नको.

विमानतळावरून आठवलं. तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबईचा) ते बघितलंत का? डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. एनएमआय असेल तर तुम्ही उलव्याला उतराल, सांताक्रूझ-अंधेरीला नाही. तिथून दादरला यायला अटल सेतू सोयीचा, पण कारला एकेरी 250 रुपये टोल आहे. टॅक्सी ठरवताना तो भाड्यात धरलाय की वेगळा, हे आधीच विचारून घ्या.

ड्रायव्हरसकट गाडी कुठल्या दिवशी? ज्या दिवशी चार-पाच ठिकाणं एका दमात करायची आहेत त्या दिवशी. महालक्ष्मी, हाजी अली, हँगिंग गार्डन, गिरगाव चौपाटी, आणि संध्याकाळी कोस्टल रोड व सी लिंक. इथे "आठ तास, ऐंशी किलोमीटर" असा पॅकेजचा दर असतो. त्या पैशात तुम्हाला मिळतो तो ड्रायव्हर. देवळाच्या दारात सोडेल, गाडी कुठे लावायची ते तो बघेल, फोन केलात की समोर येऊन उभा राहील. बाबांच्या गुडघ्यांसाठी खरी सोय ती. मोठी गाडी मागा, पिवळी पाटी काळी अक्षरं अशी टॅक्सी परवान्याची.

बुक करताना एक गोष्ट खोदून विचारा: तास कुठून धरणार? बरेच जण "गॅरेज टू गॅरेज" हिशेब करतात, म्हणजे गाडी त्यांच्या अड्ड्यावरून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत. गाडी मिरा रोडहून येत असेल तर दादरला पोचेपर्यंतच तुमच्या आठ तासांतला दीड तास आणि ऐंशीतले तीसेक किलोमीटर गेले. म्हणून दादर-परळ भागातलाच गाडीवाला शोधा. हॉटेलच्या काउंटरवर विचारलंत तर दोन नंबर मिळतील. टोल आणि पार्किंग वेगळं असतं, जादा तासाचा आणि जादा किलोमीटरचा दर मेसेजवर लिहून घ्या.

कोस्टल रोडचं तुम्ही खास लिहिलंय, "स्वतः चालवायची मजा". मजा आहे, नाकारत नाही. मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलखालच्या बोगद्यात शिरायचं, दोनेक किलोमीटर जमिनीखालून, आणि बाहेर आलं की डाव्या हाताला समुद्र. पण हा सगळा खेळ काही मिनिटांचा. वेगाची मर्यादा सरळ रस्त्यावर 80, बोगद्यात 60, वर कॅमेरे. थांबून फोटो काढायची सोय नाही, थांबलात तर पोलीस येतील. तिथे रिक्षा आणि दुचाकीलाही बंदी आहे. समुद्र बघायचा असेल तर चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याला जास्त दिसतो. कोस्टल रोडला टोल नाही, पुढे सी लिंकला कारला एकेरी 100 रुपये.

डोंबिवलीला काय करायचं ते वारावर अवलंबून. आडवार असेल तर मी लोकलच सुचवेन, आणि बाबांना घेऊनसुद्धा. सकाळी अख्खी गर्दी मुंबईकडे येत असते, तुम्ही अकराच्या पुढे दादरहून उलट्या दिशेला निघताय. संध्याकाळी गर्दी डोंबिवलीकडे जाते, तुम्ही परत येताय. फास्ट गाडी, फर्स्ट क्लास किंवा एसी, पाऊण-एक तासात पोचाल. तेच अंतर रस्त्याने संध्याकाळी कापायचं म्हणजे शिळफाटा किंवा ठाणे यांपैकी एका ठिकाणी अडकणं आलं, मावशीच्या घरी फोन करून "निघालोय" म्हणाल आणि तासाभराने तिथेच असाल. रविवार असेल तर उलटं: मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असण्याची शक्यता मोठी, रस्ते मात्र मोकळे, तेव्हा सरळ गाडी करा. दोन्ही वेळा तुमची स्वतःची भाड्याची गाडी असून काही जास्त मिळत नाही.

उरलं अलिबाग. इथे मात्र सेल्फ ड्राइव्हला अर्थ आहे. एकतर मुक्काम करताय, वर नागाव, रेवदंडा, किहीम अशी विखुरलेली ठिकाणं, आणि रिसॉर्टला गाडी लावायला हवी तेवढी जागा. गेटवेहून मांडव्याला बोटी जातात, पुढे अलिबागपर्यंत त्यांचीच बस असते. पण हलत्या बोटीत चढ-उतार करणं बाबांना कठीण. शिवाय पावसाळ्यात या बोटी बंद असतात. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, जाते, तासाभरात. गाडी आत चढते, माणसंही रॅम्पवरून सरळ चालत जातात. रस्त्याने पेण-वडखळमार्गे शंभरेक किलोमीटर, शनिवारी सकाळी त्यातला वडखळपर्यंतचा भाग नशिबावर. कुलाबा किल्ला बघायचा तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला चालत जाता येतं, गाडीचा तिथे काही उपयोग नाही.

परतीचं विमान जर नवी मुंबईहून असेल तर याहून सुटसुटीत काही नाही. अलिबागला निघायच्या दिवशीच गाडी घ्या, परतताना पेण-पनवेलमार्गे परस्पर विमानतळ गाठा आणि तिथेच गाडी सोडा. मुंबईत परत शिरायलाच नको. गाडी देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: रो-रोवर चढवायची परवानगी आहे का, आणि घेतल्या जागेऐवजी दुसरीकडे सोडली तर किती घेणार.

गाडी घ्याल तेव्हा पाटी बघा. सेल्फ ड्राइव्हच्या परवान्याची गाडी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची, म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी कमी दरात देऊ करणारे पुष्कळ भेटतील. ती घेऊ नका. अशी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि उद्या ठोकली तर विमा कंपनी हात वर करेल. ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांसकट आणि काचांसकट व्हिडिओ काढा, शेवटी मीटर आणि पेट्रोलचा काटा त्यात येऊ द्या. डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लेखी घ्या. कॅमेऱ्याचं चलान मागाहून मालकाच्या नावावर येतं आणि ते डिपॉझिटमधून वळतं होतं, त्यामुळे तुमच्या तारखा-वेळांचा पुरावा जवळ असू द्या.

पैशाचं शेवटी. अडीच हजारांच्या दरात पेट्रोल, टोल, हॉटेलचं रात्रीचं पार्किंग धरलेलं नाही. आणि तुमच्या बेतात मेट्रोचा दिवस आणि डोंबिवलीचा दिवस असे दोन दिवस ती गाडी नुसती उभी राहणार, तरी भाडं चालूच.

दिवस ठरवताना एवढं बघा: राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, आणि एलिफंटाची लेणी बघायचं मनात आलं तर ती सोमवारी बंद. एलिफंटाला धक्क्यापासून लेण्यांपर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत, डोलीवाले असतात, पण बाबा डोलीत बसायला तयार होतील का ते तुम्हालाच माहीत. तारखा आणि परतीचं विमान कुठून आहे ते कळवलंत तर कुठला दिवस कुठे टाकायचा ते सांगतो.