दूधही पाहिजे अन् उड्याही

प्रिय बेटा,

तुझा परवाचा मेसेज वाचला. वर्गातल्या साडेतीन वर्षांच्या पोराचे गुडघे चालताना एकमेकांना घासतात म्हणून त्याच्या आईनं आपल्या मनानंच कॅल्शियमचं सिरप सुरू केलं, वरून तुला सांगून गेली की हाडं कच्ची आहेत याची, याला पळू देऊ नका, अन् आता मी काय करू असं तू विचारून राहिली. फोनवर सांगता आलं असतं पण लिहूनच देते, कारण हा प्रश्न तुला दरवर्षी येणार आहे, बालवाडीत होते तोवर मलाही दरवर्षी यायचा.

आधी गुडघे. चालायला लागलेल्या लेकराचे पाय बाहेरून वाकलेले असतात, दोनच्या आसपास सरळ होतात, मग तीन-चारच्या वयात गुडघे आत येतात अन् सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे आपले आपण ठीक होतात. म्हणजे घाबरायचं कारण बहुतेक नाहीच. पण एकच पाय जास्त वाकडा असेल, वाकडेपण वाढत असेल, लंगडत असेल, पाय दुखतात म्हणून रडत असेल किंवा मनगटाची हाडं जाड, सुजल्यासारखी दिसत असतील तर मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडायचा आजार, आहे का ते डॉक्टरांनीच बघायला पाहिजे. तिथे आपला अंदाज चालवायचा नाही.

आता ते "पळू देऊ नका". हे मला सगळ्यात जास्त लागतं बघ. हाड म्हणजे काही सिमेंटचा खांब नाही, ते जिवंत असतं, उडी मारून पाय जमिनीवर आदळले की तो दणका हाडाच्या आतल्या पेशींना कळतो अन् जिथे जोर पडतो तिथे हाड मजबूत व्हायला लागतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. तू एकदा पायरीवरून उडी मारणारं चार वर्षांचं पोट्टं नीट बघ. आधी दोन्ही हात मागे जातात, जीभ बाहेर, मग धप्पकन दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकतात, तोल सावरतं अन् लगेच परत पायरी चढतं. त्याला कोणी शिकवलेलं नसतं. अशा थोड्या थोड्या उड्या, मधे थांबणं, परत उड्या, हाडाला हेच मानवतं, एकाच जागी तासभर पाय मारत सायकल चालवण्यापेक्षा जास्त. लंगडी घे, चौकटी आखून उड्या घे, दोरी जमिनीवर ठेवून बेडूकउड्या घे, खर्च काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल सांगते, त्यातली 60 मिनिटं चांगली दम लागेल अशी.

मी एका शाळेत होते तिथे एका पोराचा हात मोडला, पालक ओरडले अन् मॅनेजमेंटनी मैदानावर पळणंच बंद केलं. मी तेव्हा गप्प बसले. वर्षभर पोरं वर्गात मणी ओवत बसली. ते मला आजही सलतं, म्हणून तुला सांगते की तू गप्प बसू नको.

पण नुसत्या उड्यांनीही होत नाही, इथेच लोक चुकतात. अमेरिकेत साउथ डकोटात 3 ते 5 वर्षांच्या 239 मुलांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला, 2003 मध्ये छापून आला. अर्ध्या पोरांना उड्या-पळापळ, अर्ध्यांना बसून हातानं करायची कामं, अन् दोन्हीकडे काहींना कॅल्शियम तर काहींना नुसती खोटी गोळी. कॅल्शियम मिळालेल्यांमधे उड्यावाल्यांच्या नडगीच्या हाडाचं बाहेरचं कवच जास्त जाड निघालं, पण ज्यांना खोटी गोळी होती त्यांच्यात उलट झालं, उड्यावाल्यांचंच कवच पातळ! म्हणजे कामगार लावले अन् विटाच नाही दिल्या तर भिंत कशी उठेल. त्या आईला हे नक्की सांग, सिरप पाजून पोराला बसवून ठेवलं तर अर्धंच काम होते.

विटा कुठून आणायच्या, तर 4 ते 6 वर्षांच्या पोराला रोज 550 मिलिग्राम कॅल्शियम लागतं, 1 ते 3 वर्षांच्याला 500. एक कप दुधात सव्वादोनशे-अडीचशे मिळतं, तेवढंच दह्यात. मोठा चमचाभर तीळ भाजून कुटून पोळीत, चटणीत टाकले तर शंभराच्या आसपास. नाचणी चांगलीच, पण आपल्याकडे घरोघरी ज्वारी, अन् ज्वारीत कॅल्शियम फार नाही, म्हणून भाकरीसोबत दही किंवा तिळाची चटणी पाहिजेच. पालकावर विसंबू नको, त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा. अन् बाटली-बाटली दूध पिऊन जेवणच न करणारी पोरं असतात ना, त्यांना रक्त कमी पडतं, दोन कप पुष्कळ. डब्यात रोज खारट पाकिटं येत असतील तर तेही बोल, जास्त मीठ लघवीवाटे कॅल्शियम घेऊन जातं.

उन्हाचं मात्र नीट समजून घे. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व पाहिजे, पण सकाळी सात वाजताच्या कोवळ्या उन्हात ते फारसं बनत नाही, खिडकीच्या काचेतून तर नाहीच. सावली आपल्या उंचीएवढी किंवा आखूड पाहिजे. नागपुरात मे महिन्यात ती नऊलाच होते, तेव्हा थोडा वेळ बाहेर काढ अन् पारा चढायच्या आत पोरं आत घे, डिसेंबरात मात्र बारा वाजताच बाहेर खेळव. अन् ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची ती पुडी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणी देत असेल तर थांबव, ड जीवनसत्त्व जास्त झालं तर किडनीवर येतं.

त्या पोराच्या आईला सोमवारी शाळा सुटायच्या वेळी बोलाव, पण बाकीच्या आयांसमोर नको. आधी तिला त्याची उडी दाखव, मग मनगट अन् सिरप दोन्ही डॉक्टरांना दाखवायला सांग. काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
मॅडम