इंग्रजीत कठोर चेहऱ्यासाठी ‘स्टर्न’शिवाय आणखी कोणते शब्द वापरता येतील?

समानार्थी शब्दकोशातली यादी उतरवून घेऊन तुमचे काम भागणार नाही. चेहरा हाडापेरामुळे कठोर दिसतो, स्वभावामुळे की त्या क्षणीच्या रागामुळे, हे आधी ठरवावे लागते. गालफडे बसलेला तो ‘गॉन्ट’, खडबडीत, ठसठशीत ठेवणीचा तो ‘क्रॅगी’, अरुंद आणि धारदार नाकाडोळ्यांचा तो ‘हॅचेट-फेस्ड’. कपाळाला आठ्या घालून रागाने पाहणे म्हणजे ‘स्काउल’, आणि तो क्षणात उतरतोही. ओटावा येथे ३० डिसेंबर १९४१ रोजी छायाचित्रकार युसुफ कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातली सिगार अचानक काढून घेतली आणि त्याच क्षणी छायाचित्र टिपले. त्यात दिसतो तो ‘स्काउल’. चर्चिल यांचा चेहरा मुळात गोल आणि भरलेला, त्याला कोणी ‘गॉन्ट’ म्हणणार नाही.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, एका मराठी कथेच्या माझ्या इंग्रजी अनुवादात मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यासाठी मी ‘स्टर्न’ योजला होता. ते दारात नुसते उभे राहिले तरी मागच्या बाकावरची कुजबुज थांबत असे, आणि या प्रसंगात तर ते सहलीला परवानगी मिळाल्याचे सांगायला आले होते. संपादकांनी मला न विचारता ‘स्टर्न’ मिळमिळीत ठरवून तिथे ‘ग्रिम’ घातला. ‘ग्रिम’ चेहऱ्याचा माणूस दारात आला की वाचक वाईट बातमीच्या अपेक्षेने पुढचे वाक्य वाचतो, आणि इथे पुढच्या वाक्यात मुले आनंदाने ओरडतात. मी सविस्तर पत्र लिहिले. दोन्ही शब्द कोशात एकाच ओळीत आहेत, एवढेच उत्तर आले आणि पुस्तक तसेच छापले गेले. कोशातली ओळ हा पुरावा नव्हे, असे माझे आजही ठाम मत आहे.

‘सिव्हिअर’ शिस्तीच्या माणसाला शोभतो, ‘ऑस्टिअर’ विरक्ताला, आणि ‘डाउअर’ हा मूळचा स्कॉटिश शब्द कधी न खुलणाऱ्या, कुंद चेहऱ्याला. अर्थात या सीमारेषा पक्क्या नाहीत. निर्धाराने ओठ घट्ट मिटलेल्या माणसालाही ‘ग्रिम’ म्हणतात, आणि तिथे तो योग्यच आहे. तुमचे पात्र कोण, ते कोणाकडे पाहत आहे आणि पुढे काय घडणार आहे, हे तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाही, त्यामुळे नेमका एक शब्द मला सुचवता येत नाही. मात्र तुम्ही विचारपूर्वक निवडलेला शब्द कोणी बदलला, तर त्याच्याकडून लेखी कारण मागा, आणि तेही छपाईपूर्वी.